पिंपळनेरचा ताम्रपट

धुळ्याहून सुरतेच्या वाटेनें निघालें म्हणजे साक्री लागते. मोठा रस्ता तेथून पुढें कोंडाईबारीच्या घाटाकडे जातो. तो सोडून पांझरेच्या खोऱ्यांत पश्चिमेस वळलें कीं पिंपळनेर येतें. गांव बेताचें. पाठीशीं सह्याद्रीच्या रांगा, दक्षिणेस बागलाणचे डोंगर व त्यांत मांगी-तुंगीचे सुळके. भोंवतालच्या पाड्यांतून भिल्ल, कोकणी व मावची लोकांची वस्ती, आणि बाजारांत कानांवर पडते ती अहिराणी. एके काळीं हा तालुका याच गांवाच्या नांवानें ओळखला जात असे. कचेरी साक्रीस गेली तरी सरकारी पुस्तकांत ‘पिंपळनेर तालुका’ हें नांव विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून होतें. आतां तेंही राहिलें नाहीं. असें एखादें गांव आपल्या गतवैभवाच्या खुणा जपूं लागलें तर त्यांत नवल नाहीं, आणि आज मला जें लिहावयाचें आहे त्याचें मूळही तेथेंच आहे.

पिंपळनेरचा रहिवासी असलेला माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरीं घरीं आला. गांवांतील मंडळी एक स्मरणिका काढणार होती व तिला चार ओळींची प्रस्तावना मीं लिहावी असा त्याचा आग्रह होता. त्यानें आणलेल्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलें होतें : “सोळाशें वर्षांचें पिंपळनेर.” मीं विचारलें, “सोळाशें कशावरून?” तो मोठ्या आनंदानें म्हणाला, “सर, आधार अगदीं पक्का आहे. ताम्रपटच आहे. शके ३१० चा.”

मी गप्प राहिलों. त्या ताम्रपटाची ओळख मला पूर्वींपासून होती, आणि ती फारशी चांगली नव्हती.

हा ताम्रपट डॉ. फ्लीट यांनीं १८८० सालीं ‘इंडियन अँटिक्वरी’च्या नवव्या खंडांत प्रसिद्ध केला. फ्लीट हे मुलकी खात्यांतले अधिकारी. पण कानडी व संस्कृत शिलालेखांच्या वाचनांत त्यांच्या तोडीचा मनुष्य त्या काळीं विरळा. पटावर नांव आहे तें चालुक्यवंशीय सत्याश्रय राजाचें, व शक आहे ३१०, म्हणजे इसवी सन ३८८. हा आंकडा खरा असता तर चालुक्यांचा म्हणून जो कांहीं इतिहास आज आपण शिकवितों तो सारा नव्यानें लिहावा लागला असता. तसें झालें नाहीं, कारण पट बनावट आहे. पुढें १९०१ सालीं फ्लीट यांनीं हिंदुस्थानांतील बनावट लेखांची एक लांबलचक यादी त्याच मासिकांत छापिली. तींत पिंपळनेरच्या पटाला जागा मिळाली. तेव्हांपासून विद्वानांच्या दरबारीं त्याची नोंद ‘कूटशासन’ अशीच आहे.

वाचकांस असें वाटेल कीं एका साहेबानें म्हटलें म्हणून आपण कां मान्य करावें? शंका योग्य आहे. आणि तिचें उत्तर साहेबाच्या शब्दावर विसंबून न राहतां देतां येतें. आपल्याच भूमींतले, कोणीं खोटे म्हणूं शकणार नाहीं असे लेख घ्यावे आणि हा पट त्यांच्या शेजारीं ठेवून पाहावा.

बदामीच्या टेंकडीवर खडकांत कोरलेला पहिल्या पुलकेशीचा लेख शके ४६५ चा, म्हणजे इ. स. ५४३ चा आहे. हा डोंगरी किल्ला त्यानें बांधिला असें त्यांत आहे. चालुक्यांच्या स्वतंत्र राज्याचा आरंभ येथून धरतात. ऐहोळे येथील शके ५५६ च्या प्रशस्तींत या पुलकेशीच्या बापाचें नांव रणराग व आजाचें जयसिंह असें दिलें आहे. त्यापलीकडे वंशावळ जात नाहीं. पहिल्या पुलकेशीच्या मागें दोन पिढ्या मोजल्या तर फार झालें तर पन्नास-साठ वर्षें मागें जातां येईल. पण शके ३१० आणि शके ४६५ यांत अंतर आहे तब्बल १५५ वर्षांचें. बदामींत ज्यांचें राज्यच उभें राहिलें नव्हतें त्यांनीं तापीच्या दक्षिणतीरीं गांवें इनाम देत बसावें हें कसें घडावें?

दुसरा साक्षीदार याहून जवळचा आहे. पिंपळनेरच्या दक्षिणेस, डोंगर ओलांडून गेलें म्हणजे कळवण तालुक्यांत अभोणें नांवाचें गांव आहे. तेथें कलचुरी राजा शंकरगण याचा ताम्रपट सांपडला. त्याचा काल कलचुरी संवत् ३४७, म्हणजे इ. स. ५९७. बनावट पटाच्या तारखेनंतर दोन शतकें लोटलीं तरी या मुलखांत राजा कलचुरी आहे आणि कालगणना चालते तीही कलचुरींच्या संवताची. चालुक्यांचा मंगलेश कलचुरींच्या बुद्धराजावर चाल करून जातो तो याच्याही पुढें, सातव्या शतकाच्या तोंडावर. आणि नव्व्याण्णव हजार गांवांचीं तीन महाराष्ट्रकें ज्याच्या छत्राखालीं आलीं असें ऐहोळ्याची प्रशस्ति सांगते तो दुसरा पुलकेशी त्यानंतरचा. ‘सत्याश्रय’ हें बिरुद गाजलें तें त्याचें. पट घडविणाऱ्यानें हेंच गाजलेलें नांव उचललें आणि तें अडीचशें वर्षें मागें नेऊन बसविलें. जुनें म्हणावयाचें तर आणखी जुनें कां म्हणूं नये, असा त्याचा सरळ हिशोब दिसतो. इतिहासाचें ज्ञान थोडें कमी असतें तर एखादे वेळीं तो पकडला गेला नसता. कारण मग त्यानें एखाद्या अनोळखी राजाचें नांव घातलें असतें.

माणसें खोटे ताम्रपट कां करीत, हें समजावयास फार लांब जावें लागत नाहीं. तांब्याचा पट म्हणजे जमिनीचा दाखला. ज्याच्या घरीं पट त्याच्या शेताला सारा माफ. राज्यें बदलत, नवे अधिकारी येत, आणि ते पहिला प्रश्न विचारीत तो हाच : “दाखला कुठें आहे?” पूर्वजांनीं खरोखर मिळविलेला पट हरवला असेल, जळाला असेल, भाऊबंदांनीं नेला असेल, किंवा मुळांत कधीं नसेलही. अशा वेळीं गांवचा तांबट व चार अक्षरें जाणणारा शास्त्री मिळून काम भागवीत. हा गुन्हा इतका सर्रास होता कीं मनुस्मृतींत खोटें राजशासन करणाऱ्यास देहान्ताची शिक्षा सांगितली आहे. सम्राट् हर्षाचा मधुबन येथें सांपडलेला इ. स. ६३१ चा ताम्रपट तर याच कामासाठीं निघाला. वामरथ्य नांवाचा ब्राह्मण कूटशासनाच्या जोरावर सोमकुंडका गांवाचा उपभोग घेत होता; हर्षानें तो पट मोडविला आणि गांव दुसऱ्या दोघां ब्राह्मणांस दिलें, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. ज्या राजाच्या दरबारांत बाणभट्ट होता त्यालाही या कटकटींतून सुटका नव्हती!

आणि हें आपल्याच देशाचें वैगुण्य आहे असेंही कोणीं मानूं नये. रोमच्या धर्मपीठानें कित्येक शतकें ज्या कागदाच्या आधारावर राजसत्तेवर हक्क सांगितला तें कॉन्स्टंटाइन बादशहाचें दानपत्र खोटें आहे हें १४४० सालीं लोरेंझो वाल्ला या इटालियन पंडितानें दाखवून दिलें. त्याचें मुख्य शस्त्र होतें भाषा. चौथ्या शतकांतला म्हणविणारा कागद ज्या लॅटिनमध्यें लिहिला होता तें चौथ्या शतकाचें लॅटिन नव्हतें. युरोपांतील मठांनीं असे दस्तऐवज किती रचिले याची गणती नाहीं. पिंपळनेरचा अनामिक कारागीर त्या मानानें अगदींच साधा गृहस्थ म्हणावा लागेल.

हें सारें मीं माझ्या विद्यार्थ्यास सांगितलें. त्याचा चेहरा उतरला. वही मिटून तो म्हणाला, “म्हणजे सर, आमच्या गांवाला कांहींच इतिहास नाहीं म्हणा कीं!”

त्याचें हें वाक्य मला फार लागलें. खोटा पुरावा काढून घेतला म्हणजे पुराव्याची वस्तूच नाहींशी होते असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आहे, आणि त्याला आम्ही इतिहास शिकविणारेच बऱ्याच अंशीं जबाबदार आहों. आम्ही सन शिकवितों, राजे शिकवितों. गांव कसें वाचावें हें शिकवीत नाहीं. त्या दिवशीं दुपारभर आम्ही दोघे पिंपळनेर वाचीत बसलों. त्यांतलें थोडें वाचकांपुढें ठेवितों.

आरंभ नांवापासून करावा. खानदेशांत व त्याच्या शेजारीं ‘नेर’ या शेवटाचीं गांवें पुष्कळ आहेत : अमळनेर, जामनेर, खालीं संगमनेर, पारनेर, आणि पांझरेच्याच कांठीं नुसतें नेर. हा ‘नेर’ काय आहे? नाशिक जिल्ह्यांत वडनेर म्हणून गांव आहे. तेथें मिळालेल्या कलचुरी बुद्धराजाच्या ताम्रपटांत, म्हणजे इ. स. ६०९ च्या सुमारास, त्या भागाला ‘वटनगर’ म्हटलें आहे. हा पट खरा आहे; महामहोपाध्याय मिराशी यांनीं १९५५ सालीं कलचुरींचे सारे लेख एकत्र संपादिले त्यांत तो पाहावयास मिळतो. वटनगराचें वडनेर झालें. संस्कृत ‘नगर’ प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडीं ‘नयर’ झाला, मधला ‘ग’ विरघळला, आणि पुढें त्याचा ‘नेर’ उरला. वडाच्या नगराचें वडनेर, तसें पिंपळाच्या नगराचें पिंपळनेर. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा बदल एका पिढींत होत नाहीं. एखादें नाणें हजारों हातांतून फिरून गुळगुळीत व्हावें तसें नांव झिजतें. आज जें गांव कोणी वसवील त्याला तो ‘नगर’ जोडील, ‘नेर’ जोडणार नाहीं. आपल्या शहरांतील नव्या वसाहतींच्या पाट्या पाहिल्या म्हणजे पटेल. पिंपळनेर हें नांव आपल्या अंगावरच आपलें वय घेऊन हिंडतें आहे. त्याला शके ३१० चा दाखला नको होता.

नांवाच्याही मागें जावयाचें असेल तर मातीकडे वळावें लागतें. याच साक्री तालुक्यांतील कावठें येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं उत्खनन केलें. तेथें सुमारें चार हजार वर्षांपूर्वींची शेतकऱ्यांची वस्ती उघडी पडली. जमिनींत खड्डे खणून त्यांवर छप्पर घालून हे लोक राहत. त्यांचीं रंगविलेलीं मडकीं शहादें तालुक्यांतील सावळदें या गांवच्या नांवानें ‘सावळदा’ म्हणून ओळखलीं जातात. त्याआधीं १९५५ सालीं तापीकांठच्या प्रकाशें येथें बा. कृ. थापर यांनीं खणलेल्या टेंकाडांतही ताम्रपाषाणयुगापासूनचे थर एकावर एक मिळाले होते. म्हणजे पांझरा-तापीच्या या खोऱ्यांत चालुक्य, कलचुरी, आभीर यांपैकीं कोणाचेंही नांव उच्चारलें जाण्यापूर्वीं दोन हजार वर्षें माणसें पेरीत होतीं व कापीत होतीं. त्यांनीं ताम्रपट ठेविले नाहींत. त्यांना सारा मागणारा कोणी नसावा.

आभीरांचें नांव निघालें तें बरें झालें. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याचा लेख आहे. खानदेशांत जुन्या पडक्या किल्ल्याविषयीं विचारलें तर म्हातारीं माणसें ‘गवळी राजा’चें नांव घेतात, निजामपुराजवळचा भामेरचा किल्लाही गवळी राजाचाच सांगतात. गवळी राजा म्हणजे आभीर राजा असें सरळ समीकरण मांडण्याइतका मी धाडसी नाहीं. तथापि अहिराणी या भाषेच्या नांवांत ‘अहीर’ आजही बसलेला आहे. ग्रियर्सन साहेबांनीं आपल्या भाषापाहणींत खानदेशीला भिल्ली बोलींच्या जवळ बसविलें, मराठींत बसविलें नाहीं. यावरून आपल्या विद्वानांत पुष्कळ वाद झाले. पिंपळनेरच्या बाजारांत उभें राहून ज्यानें ती भाषा ऐकली आहे त्याला या वादाचें मर्म पुस्तकांवाचून कळेल. गुजरातची वाट, बागलाणची वाट आणि तापीची वाट जेथें मिळतात तेथील बोलींत तिन्ही दिशांचा वारा असणारच.

या वाटांनीं कोण कोण गेलें! सतराव्या शतकांत सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा तावेर्निये नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या नवापुरावरून गेला. हें नवापूर पुढें पिंपळनेर तालुक्याच्याच पेट्यांत मोडत असे. तेथील तांदुळाला कस्तुरीसारखा वास येतो असें त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेविलें आहे. दक्षिणेस मुल्हेरच्या गडावर बागुल राजे होते. त्यांच्या आश्रयास असलेल्या रुद्र कवीनें १५९६ सालीं ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ रचून त्यांचें कुळ कनोजास नेऊन भिडविलें. वंशावळीही ताम्रपटांसारख्याच लांबत जातात, हें येथें सहज लक्षांत येतें. औरंगजेबानें शाहजादा असतांना १६३८ सालीं बागलाण घेतलें आणि ती वंशावळ तेथेंच थांबली.

परंतु मला विचाराल तर पिंपळनेरचें खरें जुनें धन निराळेंच आहे. एक आहे पाण्यांत आणि दुसरें गवतांत.

पांझरेवर दगडी बंधारे घालून पाट काढण्याची पद्धति इंग्रज येण्यापूर्वींपासूनची आहे. १८१८ सालीं खानदेश कंपनीच्या हातीं आला तेव्हां यांतले कित्येक बंधारे पडझडींत होते, पण लोकांस त्यांची रीत ठाऊक होती. पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडावयाचे. प्रत्येक भागाला म्हणावयाचें ‘फड’. एका फडांत एका हंगामांत एकच पीक, मग त्यांत दहा जणांचीं शेतें असोत कीं पन्नास. एका फडांत ऊंस, दुसऱ्यांत गहूं किंवा हरभरा, तिसऱ्यांत आणखी कांहीं. पुढील वर्षीं फेरपालट. पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या. त्यांस मेहनताना गांवानें द्यावयाचा. नदीचें पाणी घटलें तर एखादा फड कोरडा ठेवावयाचा, आणि तो कोणता हें सर्वांनीं बसून ठरवावयाचें. या व्यवस्थेचा कोणताही राजा कर्ता म्हणून सांगितला जात नाहीं. शेजाऱ्याच्या शेताच्या आधीं आपलें शेत भिजावें ही माणसाची इच्छा किती बलवत्तर असते हें ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच ही रीत पिढ्यान्पिढ्या चालविणें म्हणजे काय याची कल्पना येईल. ऐहोळ्याच्या प्रशस्तींतल्या विजयांपेक्षां मला हें कठीण वाटतें.

दुसरें रोशाचें गवत. संस्कृत वैद्यकांत ज्याला रोहिष म्हणतात तेंच. पश्चिम खानदेशच्या डोंगरउतारांवर पावसानंतर हें सुवासिक गवत माजे. भिल्ल लोक तें कापून आणीत आणि ओढ्याच्या कांठीं भट्ट्या लावून त्याचें तेल काढीत. एकोणिसाव्या शतकांत या धंद्याची जीं ठाणीं सांगितलीं जात त्यांत पिंपळनेर व नंदुरबार हीं ठळक होतीं. हें तेल मुंबईस जाई, मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांतून थेट कॉन्स्टँटिनोपलला पोंचे. तुर्कस्थानांत त्याचें नांव ‘इद्रिस यागी’. आणि गंमत अशी कीं तेथें तें आपल्या खऱ्या नांवानें क्वचितच विकलें जाई. बाल्कनच्या खोऱ्यांत गुलाबाचें अत्तर काढणारे व्यापारी महागड्या अत्तरांत तें मिसळीत, आणि पॅरिस-लंडनच्या बायका गुलाब म्हणून जें अंगाला लावीत त्यांत पिंपळनेरच्या डोंगरावरचें गवत असे. युरोपच्या बाजारांत तर त्याला ‘तुर्की जिरेनियमचें तेल’ असेंच म्हणत. ज्या गांवच्या नांवावर एक खोटा दाखला चढला त्याच गांवचा खरा माल दुसऱ्याच्या नांवावर खपला!

आतां पुन्हां त्या पटाकडे. त्यांतील तारीख खोटी, राजा खोटा. तरी तो पट पुराव्यांतून बाद करावा असें मी म्हणणार नाहीं. ज्यानें तो घडविला त्याच्या काळाविषयीं तो खोटें बोलूं शकत नाहीं. कोणी ओसाड माळासाठीं तांबें वितळवीत नाहीं. त्या काळीं येथें पिकणारी, पाण्याची, हेवा वाटावा अशी जमीन होती. तिच्यावर हक्क सांगणारे एकाहून अधिक होते. आणि खानदेशच्या कोपऱ्यांतील या गांवांत चालुक्यांच्या सत्याश्रयाचें नांव घेतलें असतां अधिकारी वचकतील असा भरंवसा कोणास तरी वाटत होता. एवढी माहिती देणारा खरा ताम्रपटही पुष्कळदां सांपडत नाहीं.

याच खानदेशांत चाळीसगांवजवळ पाटणें येथें शके ११२८ चा एक शिलालेख आहे. १८६५ सालीं डॉ. भाऊ दाजी यांनीं तो प्रसिद्धीस आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यानें आपल्या आजाचे ग्रंथ पढविण्यासाठीं तेथें मठ स्थापिला व निकुंभवंशीय राजांनीं त्यास दान दिलें, असें त्यांत आहे. शेवटीं जुन्या मराठींत बाजारांतल्या मालावर मठासाठीं काय काय द्यावयाचें तें नोंदलें आहे. लेख अस्सल, त्याविषयीं कोणीं कधीं शंका घेतली नाहीं. पाटणेंकरांनीं त्यावरून कधीं उत्सव केल्याचें मात्र माझ्या ऐकण्यांत नाहीं.

विद्यार्थ्यानें हें सर्व वहींत उतरून घेतलें. जातांना दारांत उभा राहून त्यानें विचारलें, “सर, मग शीर्षकांत किती वर्षें लिहूं?” मीं म्हटलें, “आंकडा लिहूंच नका. ‘पिंपळनेर’ एवढेंच लिहा.” त्यानें मान डोलावली, पण त्याला तें पटलें असें मला वाटलें नाहीं. कमिटींत बसून आंकड्यावांचून वर्गणी गोळा करणें सोपें नसतें, हें मलाही समजतें.

स्मरणिका निघाली. माझी प्रस्तावना एक अक्षरही न बदलतां छापली होती. वडनेरचा पट, फड, रोशाचें तेल, सारें होतें. मुखपृष्ठावर मात्र सोनेरी अक्षरांत “सोळाशें वर्षांचें पिंपळनेर” हेंच कायम. सोबत विद्यार्थ्याची चिठ्ठी होती : “मंडळींनीं ऐकलें नाहीं, सर. क्षमा असावी. पण आमच्या आळींतले एक वृद्ध पाटकरी नातवाकडून फडाचीं पानें दोनदां वाचवून घेऊन गेले, आणि ‘मोठा सांडवा राहिला, तो घालावयास सांग’ असा त्यांचा निरोप आहे.”